रुईचा चीक

सिद्धूच्या बायकोनं रुईच्या पाल्याचा पहिला भारा आणून अंगणात टाकला, त्या दिवसापासून अर्जुनाच्या घशाखाली घास उतरेना. कोणी विचारलं तर पित्त झालंय म्हणायचा. त्याची बायको सुलाबाई ताकात जिरं घालून द्यायची, तो मुकाट्यानं प्यायचा. पण ते पित्त नव्हतंच. माणसाला पाठच्या भावाचा हेवा वाटायला लागला की त्याला ताक लागू पडत नाही.

आणि हेवा वाटायला कारण होतं. आष्ट्याच्या ओढ्याकाठी कातडी कमावायचे त्यांचे चार खड्डे. त्या खड्ड्यांवर वीस वर्षं शेवटचा शब्द अर्जुनाचा. चुन्यात घातलेल्या कातड्याचे केस कधी सुटले, ते बाहेर कधी काढायचं, हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मानेवरच्या केसांवर अंगठा दाबून एकदा मागं ओढला की त्याला कळायचं. त्याचा म्हातारा बाप ज्योतिबा, ज्याला सगळे आबा म्हणत, तो आल्यागेल्याला सांगायचा, "थोरल्याचा अंगठा देवानं दिल्याला हाय." वीस वर्षांत अर्जुनाला दुसरं कौतुक मिळालं नव्हतं, आणि त्याला दुसरं नकोही होतं.

पाच वर्षांपूर्वी सांगलीहून केस काढायची पावडर आणली तीही त्यानंच. चुन्यात मिसळली की बारा दिवसांचं काम चार दिवसांत व्हायचं. तेव्हा घरात त्याचं केवढं नाव झालं होतं. फक्त त्या पावडरीचं पाणी जायचं कुठं, याचा विचार कोणी केला नव्हता. ते जमिनीत मुरत मुरत शेजारच्या लालासाहेबांच्या विहिरीत गेलं. बहात्तरच्या दुष्काळात लालासाहेबांनी विहीर खोल नेली होती. त्यानंतर चौथ्या वर्षी त्या पाण्याला असा वास सुटला की बैल हौदाला तोंड लावेनात, आणि उसाच्या लागणीची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली.

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. भांडला नाही. कुंपणाच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "ज्योतिबा, ही जागा आमच्या आज्यानं तुमाला दिली ती मोटंच्या कातड्यासाठी. मोटा गेल्या, इंजनं आली. तरी मी उठ म्हणलो न्हाई. पर आता पाणी नासलं. तुमचा सिद्धू म्हणतोय बिनचुन्याचं कातडं हुतंय. बुधवारी चार वाजता येतो. दाखवा. न्हाईतर खड्डे दुसरीकडं हलवा." चहा विचारला तर आत्ताच झालाय म्हणाला. तो नेहमीच आत्ताच झालेला असायचा.

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे कोणी बोललं नाही. त्या धंद्याला जागा देणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बिनचुन्याचं खूळ सिद्धूनं मद्रासहून आणलं. तिथं चामड्याच्या शाळेत सहा महिने राहून तो वही भरून आला होता. पण वहीतलं औषध इकडं मिळेना. तेव्हा त्याची बायको हरणा चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आमच्या जतकडं डफाच्या शेळीच्या कातड्याला रुईचा चीक लावत्यात. केस आपसूक सुटत्यात." एवढंच. त्या एका वाक्यावर सिद्धूनं रुईचा पाला देठासकट कुटून, चिकासह पाण्यात कालवून एक शेळीचं कातडं काढलं. घाण नाही, हाताला जळजळ नाही, आणि उरलेलं पाणी शेणाच्या उकिरड्यावर ओतलं तरी चालायचं. आबानं ते कातडं गालाला लावलं आणि म्हणाला, "डोस्कं चालिवलंस, लेका."

अर्जुना तिथंच उभा होता. इतक्या वर्षांत आबानं त्याचं एकही कातडं गालाला लावलं नव्हतं.

*

लालासाहेबांना दाखवायला सिद्धूनं रेडकांची दोन कातडी घेतली. सोमवारी सकाळी ती रुईच्या पाण्याच्या हौदात गेली. मंगळवारी पहाटे तो कातडं कमवायला लागणारा हिरडा आणायला सांगलीला निघाला. पिशवी खांद्याला अडकवता अडकवता बायकोला म्हणाला, "भादव्याचं ऊन हाय, लवकर बी हुईल. मानंवरचं केस अंगठ्याखाली सरलं की काढायचं. तुला शंका आली तर दादाला दाव. दादाच्या अंगठ्याला माज्या वहीपरास जास्त कळतंय."

हे त्यानं अर्जुनाच्या समोर म्हटलं. मनापासून म्हटलं. सिद्धूचं सगळंच मनापासून असायचं, आणि अर्जुनाला नेमका त्याचाच राग यायचा. वाईट भाऊ असता तर हेवा करणं किती सोपं गेलं असतं.

दुपारी तीनच्या सुमाराला हरणा डोक्यावरचा पदर सावरत आली. थोरल्या दिराशी ती कमीच बोलायची.

"भावजी, जरा बघता का? मला झाल्यावानी वाटतंय."

"तुला वाटतंय?"

"म्हंजी, केस सरत्यात. म्हणून म्हणलं, तुमाला दावावं."

हौदाशी जाऊन अर्जुनानं बाही वर सारली. पहिलं कातडं मानेकडून उचललं, अंगठा दाबला आणि ओढला. ओल्या जमिनीतून हरळी निघावी तसे केस निघून आले. खालची चामडी पांढरी, घट्ट, गुळगुळीत. चुन्यातून असं कातडं वीस वर्षांत एकदाही निघालं नव्हतं. त्याच्या अंगठ्याला ते कळलं, मनगटाला कळलं, पार काखेपर्यंत कळलं. आणि त्या क्षणी त्याला रडू यावं इतकं वाईट वाटलं. आपण आयुष्यभर चुन्यात हात जाळले आणि या पोरीनं भाकरी थापता थापता हे सांगून टाकलं.

"कच्चं हाय," तो म्हणाला.

हरणा बघत राहिली. "पर केस..."

"वरचं वर सरत्यात. मुळं आतच हाईत. उद्या सकाळी काढ."

"उद्या?"

"एक दिस जास्त गेला म्हणून कातडं रुसत न्हाई."

हे शेवटचं तो खोटं बोलला नव्हता. चुन्याची गोष्ट तशीच असते. चुना सोशिक. बारा दिवसांऐवजी तेरा झाले तर कातडं थोडं फुगतं, थोडं सैल पडतं, पण नांदतं. अर्जुनाला तेवढंच हवं होतं. कातडं जरासं सैल पडावं, लालासाहेबांनी चिमटीत धरून नाक मुरडावं, आणि आबानं म्हणावं, सिद्धू, थोरल्याला विचारून करत जा. कातडं नासावं, खड्डे जावेत, असं त्याच्या मनात कधीच नव्हतं. पण रुई म्हणजे चुना नव्हे. चीक केस सोडवतो आणि तिथंच थांबत नाही, पुढं कातडंच खायला लागतो. जन्म चुन्यात गेलेल्या माणसाला ते सुचलंच नाही.

हरणा "बरं" म्हणाली आणि गेली. सोप्यात तांदूळ निवडत बसलेल्या सुलाबाईनं मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"आवं, झालं व्हतं न्हवं ते?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं न्हाई कळत. तुमच्या तोंडाचं कळतंय."

"गप ऱ्हा."

सुलाबाई गप राहिली. तिलाही धाकट्या जावेचा काही कमी जाच नव्हता. पंधरा वर्षं राबूनही तिला सासऱ्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती, आणि कालची आलेली हरणा मात्र "हरणा, हिकडं ये, बाय" झाली होती. त्यामुळं गप राहणं तिला फारसं जड गेलं नाही.

हिरड्याची गाडी पाटणहून वेळेवर आली नाही, म्हणून सिद्धू त्या दिवशी सांगलीत मामाकडं मुक्कामाला राहिला. अर्जुनाला हे कळलं तेव्हा वाटलं, देवही आपल्याच बाजूचा आहे.

*

बुधवारी दुपारी सिद्धू हिरड्याचं पोतं घेऊन एसटीतून उतरला, तर अंगणात सगळं घर गोळा झालेलं. आबा बाजेवर बसलेला. त्याची बहीण रंगूबाई, सगळ्यांची आत्या, सकाळपासून हजर होती, कारण कुणाच्या घरी काही बिघडलं की तिला शिराळ्यात बसूनसुद्धा वास लागायचा. मधे फळीवर एक कातडं पसरलेलं. सिद्धूनं पोतं टाकलं आणि कातड्यावर बोट ठेवलं, तर वरची साल शिजलेल्या बटाट्यासारखी निघून आली.

तो खाली बसला. दुसरंही असंच गेलं असणार, हे त्यानं धरूनच चाललं.

"म्या म्हणलंच हुतं," आत्या म्हणाली, "बाईमाणसाच्या हातात खड्डा दिला की असंच व्हायचं. ह्या घरात कवा बाईनं कातडं काडलं व्हतं?"

"आत्या, तिचं काय न्हाई त्यात," सिद्धू म्हणाला. "मीच जायला नको हुतं. ऊन लय पडलं. वहीत मद्रासचं लिवलंय, आपल्या उन्हाचं न्हाई."

"वहीचं काय सांगतूस? चार वाजता सुभेदार येतोय, त्येला वही दावणार?"

"आत्ती, बरूबर बोलताय," सुलाबाईनं आतून साथ दिली. एरवी त्या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण हरणाच्या विरोधात दोघी एका पाटावर बसायला तयार होत्या.

अर्जुना भिंतीला टेकून उभा होता. कातडं एवढं नासेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण खोटं कशाला बोला, मनाच्या तळाशी थोडा गारवाही होता. सिद्धू खाली बसला होता आणि तो स्वतः उभा होता. कितीतरी महिन्यांनी असं झालं होतं.

आबा बाजेवरून उठला. त्याला आता अंधुकच दिसायचं. चाचपडत फळीपाशी आला, कातड्यावर तळहात फिरवला, पाठीकडून मानेकडं, मानेकडून पोटाकडं. मग बोटं नाकाला लावली.

"हे काल दुपारीच झालं हुतं," तो म्हणाला. "तीन-चारच्या पुढं न्हाई. काल हे कुणी बघितलं?"

त्यानं मान दाराकडं वळवली.

"हरणा, बाय, तू बघितलंस?"

हरणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पदराआडून ती अर्जुनाकडं पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. तुम्हीच सांगा म्हणजे मला सांगावं लागणार नाही, अशी विनवणी होती. अर्जुनाला ती समजली. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"बघितलं, मामंजी," ती अखेर म्हणाली. "मला झाल्यावानी वाटलं. मग भावजींना दावलं. ते म्हणलं, कच्चं हाय, उद्या काढ."

"खोटं बोलती," सुलाबाई बाहेर येऊन म्हणाली. "आपल्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर. काल दुपारी हे हौदाकडं फिरकलं बी न्हाईत."

"आक्का, तुमी तांदूळ निवडत हुता."

"मग? तांदूळ निवडताना मानसाला दिसत न्हाई व्हय?"

"दिसतंय," हरणा म्हणाली. "म्हणूनच म्हणलं."

सुलाबाई दोन पावलं मागं सरली. आबाचा एक हात अजून नासलेल्या कातड्यावरच होता.

"अर्जुना," तो म्हणाला, "तू अंगठा लावलास?"

"लावला."

"मग तुला कळलं न्हाई?"

प्रश्न साधा होता. पण अर्जुनाला दोन्हीकडून कोंडीत धरल्यासारखं झालं. कळलं म्हणावं तर सख्ख्या भावाचं कातडं नासवलं असं होतं. नाही कळलं म्हणावं तर अंगठा गेला. वीस वर्षांचा अंगठा, ज्याच्यापायी हे सगळं केलं, तोच. आत्या बघत होती, सिद्धू बघत होता. घाम पुसायला त्यानं हात वर केला आणि हाताला रुईचा हिरवा वास आला.

"न्हाई कळलं, आबा," तो म्हणाला. "कच्चं वाटलं."

कोणीतरी सुस्कारा सोडला. आणि मग सिद्धू उठला, त्याच्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवला.

"दादाचं काय चुकलं त्यात? त्येनं जलमात रुईचं कातडं हातात धरलं न्हाई. चुन्याच्या मानसाला चुन्याचंच कळणार. तू मनाला लावून घिऊ नगंस, दादा."

अर्जुनाला त्या हाताखाली जमिनीत जावंसं वाटलं. धाकट्यानं समजूत घालावी. चुन्याचा माणूस म्हणावं, आणि तेही मायेनं.

तेवढ्यात हरणा आत गेली. बाहेर आली ती ओलं गोणपाट घेऊन. फळीवर ठेवून तिनं ते उलगडलं.

"दुसरं म्या काल दिस मावळायच्या आधीच काडलं," ती म्हणाली. "भावजींचं ऐकलं न्हाई म्हणून आधी बोलले न्हाई. माज्या आईनं शिकिवलं हुतं, केस हातात आलं की चिकाला वर नांदू द्यायचं न्हाई. चुकलं असंल तर माफ करा."

गोणपाटात रेडकाचं दुसरं कातडं होतं. पांढरंशुभ्र, घट्ट, एक केस नाही, एक ओरखडा नाही. आबानं त्यावर पाठीपासून मानेपर्यंत हात फिरवला.

*

चार वाजता लालासाहेब आला. या वेळी कुंपणाच्या आत आला. कातडं हातात घेऊन त्यानं उलटंपालटं केलं, दोन्ही हातांनी ताणलं, वास घेतला.

"चुना न्हाई ह्यात?"

"चिमूटभर न्हाई," सिद्धू म्हणाला.

"आन् हे पानी कुटं जानार?"

"उकिरड्यावर. तुमाला पायजे तर तुमच्या शेतात घाला."

"आदी तुज्याच उकिरड्यावर घाल, मी बघतो," लालासाहेब हसला. मग आबाकडं वळून म्हणाला, "चुन्याचे खड्डे बुजवा, ज्योतिबा. ही रीत चालवा आन् ऱ्हावा सुखानं. माजी काय ना न्हाई." आणि जाता जाता, कोणी न विचारता, "पानी द्या घोटभर," म्हणाला. हरणानं तांब्या आणला. तो उभ्याउभ्या प्याला आणि गेला. या घरात एवढं आजवर कधी घडलं नव्हतं. आत्या तर तोंडावर हात ठेवून बघतच राहिली.

जागा राहिली, धंदा राहिला. अर्जुनालाही बरं वाटायला हवं होतं. घर त्याचंही होतं, पोटही त्याचं होतं. त्यानं मनाला तसं सांगूनही पाहिलं.

आबा बाजेवर बसला. "उद्या चुना काढून टाका. खड्डे बुजवा. आन् सिद्धू, पुढच्या सोमवारी चार कातडी घाल. कवा काढायची ते हरणा सांगंल. आजपासनं अंगठा तिचा."

"व्हय, आबा."

"आत्ती, तुमी काय म्हणता?" सुलाबाईनं आत्याकडं आशेनं पाहिलं.

"मी काय म्हणणार?" आत्या म्हणाली. "सुभेदार ज्या घरात पानी प्याला, त्या घरातल्या सुनंला नावं ठिवू व्हय? हरणा, हिकडं बस गं."

हरणा आत्याच्या शेजारी बसली. आत्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा निरखून बघायला लागली. "बगा की," ती म्हणाली, "एवढुसा तर हाय. आन् आमच्या थोरल्याला कळलं न्हाई ते ह्येला कळलं."

सगळे हसले. कोणाच्याही हसण्यात वाईट नव्हतं. सिद्धू हसला, आबा हसला, हरणासुद्धा लाजून हसली. अर्जुनानं तेवढा वेळ सगळं सोसलं होतं. सिद्धूची माया सोसली, लालासाहेबांचं हसणं सोसलं, चुना काढून टाका हेही सोसलं. पण त्या इवल्याशा अंगठ्यापुढं आपला अंगठा आंधळा ठरला, हे त्याला सोसवेना. हरणाचा हात आत्याच्या मांडीवर होता आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. पूर्वी असं अर्जुनाच्या हाताकडं बघायचे.

"मला कळलं हुतं," तो म्हणाला.

हसणं थांबलं.

"काय?" सिद्धू म्हणाला.

"मला कळलं हुतं. तिच्या आधी कळलं हुतं. अंगठा लावला तवाच. असं कातडं म्या जलमात बघितलं न्हाई. झाल्यालं हुतं ते, पार झाल्यालं. तिला इचारा, म्या किती येळ धरून हुतो. मला कळलं न्हाई असं कुणी म्हणू नगा."

सुलाबाईनं पदर तोंडात धरला. आत्यानं हरणाचा हात सोडला. सिद्धू भावाकडं बघत होता. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना झालं की माणूस बघतो, तसा.

अर्जुनाला आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. त्यानं आबाकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

"ते मला कातड्याला हात लावला तवाच ठावं हुतं, अर्जुना," आबा म्हणाला. "तुज्या अंगठ्याला कळलं न्हाई, हे मी मेलो तरी मानलं नसतं. सिद्धूला कळू नये म्हणून तुला न्हाई म्हणायची वाट ठिवून इचारलं. तू न्हाई म्हणलास, तवा मला लय बरं वाटलं हुतं."

सिद्धूनं वाकून हिरड्याच्या पोत्याला हात घातला. रोज अशा वेळी तो म्हणायचा, दादा, एक बाजू धर. आज त्यानं हरणाला हाक मारली, आणि ती दोघं पोतं धरून आत गेली.